आधी सुरू तर होऊ दे!

बंद करण्यापेक्षा सुरू करणे अवघड, हे ज्याने थंडीच्या दिवसांत सकाळी सातला स्कूटर सुरू केली आहे त्याला वेगळे सांगायला नको. माझ्या वडिलांच्या स्कूटरचे एक स्वतंत्र शास्त्र होते. आधी तिला एका अंगावर झुकवायची, आजारी माणसाला औषध पाजताना झुकवतात तशी. मग चोक ओढायचा, पेट्रोलची कळ फिरवायची, दोन किका रिकाम्या मारायच्या आणि तिसरी मनापासून. बंद करायला मात्र एक बटण पुरे. सोसायटीची सभा घ्या, पोरांचा अभ्यास घ्या, नाहीतर आमच्या शाखेतले पासबुक छापायचे यंत्र घ्या. बंद पडायला कोणाला शिकवावे लागत नाही. सुरू व्हायचे म्हटले की अटी आल्या, पर्याय आले, मुहूर्त आले.

या विषयात माझे शिक्षण झाले ते भाच्यामुळे. भाचा पुण्याला एका कंपनीत होता. त्या कंपनीने एका सकाळी बऱ्याच जणांना ई-पत्र पाठवून घरी बसवले, त्यात हाही बसला. आईवडिलांसमोर बसण्यापेक्षा मामासमोर बसणे सोपे, म्हणून बॅग घेऊन आमच्याकडे आला आणि मागच्या खोलीत बसला. दहाला उठायचा, जेवायचा, पुन्हा खोलीत. काही विचारले की "बघू" म्हणायचा. रोज रात्री नऊला बहिणीचा फोन.

"जेवला का रे?"

"जेवला."

"काही बोलला?"

"बघू म्हणाला."

तीन आठवडे हाच संवाद. आमच्या हिने एक-दोनदा सुचवले की मुलाला कशात तरी गुंतवा. आता बँकेतला कारकून माणसाला कशात गुंतवणार? मुदत ठेवीत गुंतवायचे तर त्याच्याकडे पैसे नव्हते. मग वाचनालय आठवले.

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला गावात दोन गोष्टी चुकत नाहीत, गणपतीची वर्गणी मोजणे आणि कुठल्या तरी संस्थेचे खजिनदारपद. मी आमच्या वाचनालयाचा खजिनदार. पुस्तके चाळीस हजारांच्या घरात, आणि त्यांची सगळी माहिती लाकडी खणांतल्या कार्डांवर. कार्डे ग्रंथपाल बाईंच्या अक्षरातली. अक्षर असे की छापखान्याने लाजावे. बाई मार्चअखेर निवृत्त व्हायच्या होत्या, म्हणून कार्डे संगणकावर चढवून झाली होती. कोणीतरी जुने म्हणून दिलेले तीन संगणकही होते. फक्त त्यांतून शोधून देणारे काही नव्हते. "माझा भाचा आहे," असे मी समितीत म्हणालो. "घेईल किती?" अध्यक्षांनी विचारले. "काही नाही," मी म्हणालो. ठराव एकमताने मंजूर.

भाच्याने निवडले ते इलॅस्टिकसर्च. हा एक शोध-सर्व्हर आहे. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, तशी सूची तो सगळ्या माहितीची करून ठेवतो. आणि त्या सूचीचे तुकडे करून ते अनेक यंत्रांवर वाटून देतो. प्रश्न कुठल्याही यंत्राला विचारा, ते बाकीच्यांना विचारून उत्तर आणते. आमच्या शाखेत याच्या बरोबर उलट पद्धत आहे. तिथे कोणालाही विचारा, तो दुसऱ्या खिडकीकडे पाठवतो.

याच्या जन्माची कथा मला फार आवडली. शाय बॅनन नावाचा गृहस्थ नव्याने लग्न होऊन बायकोबरोबर लंडनला गेला. बायको स्वयंपाकाच्या शाळेत शिकत होती. तिच्या पाककृती शोधता याव्यात म्हणून तो काहीतरी करू लागला, ते वाढत वाढत २०१० साली इलॅस्टिकसर्च झाले. ते जगभर चालू लागले. पाककृतींचे तेवढे राहून गेले म्हणतात. याच्या पोटात जे ल्युसीन नावाचे इंजिन आहे ते डग कटिंगने १९९९च्या सुमारास बाहेर काढले, आणि ल्युसीन हे त्याच्या बायकोचे मधले नाव. म्हणजे शोधाशोधीच्या या धंद्यामागे दोन बायका उभ्या आहेत. ज्या घरात पुरुषाला स्वतःचा टॉवेल सापडत नाही त्या घरात याचे आश्चर्य वाटणार नाही.

आता खरे सांगायचे तर चाळीस हजार पुस्तकांना एक यंत्र रगडून झाले असते. तसे मी विचारलेही. "मामा, एकानं भागतं," भाचा म्हणाला, "पण मला तिन्ही एकमेकांना जोडून बघायचीत. कंपनीत हे काम दुसरी टीम करायची, मला कधी हात लावायला मिळाला नाही." एवढे लांब वाक्य त्याच्या तोंडून महिन्याभरात आले नव्हते. मी काटकसरीचा मुद्दा मागे घेतला.

आणि मग सुरू करण्याचे प्रकरण सुरू झाले.

काळ्या पडद्यावर नुसते नाव लिहून एंटर दाबले की हा सर्व्हर सुरू होतो. पण नावापुढे उण्याचे चिन्ह देऊन एकेक अक्षर लिहिता येते आणि प्रत्येक अक्षराने त्याचा स्वभाव बदलतो. लहान व्ही दिला तर तो बडबडू लागतो. मोठा व्ही दिला तर फक्त आपली आवृत्ती कोणती ते सांगतो आणि निघून जातो, सुरू होतच नाही. गप्प बसवण्याचे प्रकार दोन आहेत. एस म्हणजे अगदी गरजेपुरते बोल, क्यू म्हणजे पडद्यावर काही छापू नकोस, काय लिहायचे ते आपल्या वहीत लिही. मौनाचे दोन प्रकार असतात हे कुठल्याही संसारी माणसाला ठाऊक आहे. पण त्यांना वेगवेगळी अक्षरे दिलेली मी प्रथमच पाहिली.

सर्वांत महत्त्वाचा डी. काही न देता सुरू केला तर सर्व्हर समोरच बसून काम करतो, आणि ती काळी खिडकी बंद केली की तोही बंद. आमच्याकडे असे कर्मचारी आहेत. गिऱ्हाईक काउंटरशी उभे असेपर्यंत त्यांचे पेन चालते. डी दिला की मात्र तो मागे जाऊन बसतो आणि कोणी बघो न बघो, काम करत राहतो. गंमत अशी की पूर्वी उलटे होते. आपण होऊन मागे जायचा, समोर बसवायचा असेल तर एफ द्यावा लागे. २०१४ साली पहिली पक्की आवृत्ती काढताना त्यांनी हे फिरवले.

"पण मागे जाऊन बसला तर काम करतोय की झोपलाय, कळायचं कसं?" मी विचारले.

"लॉग वाचायचा, मामा. तो सगळं लिहून ठेवतो."

मी त्याच्याकडे बघितले. हाही महिनाभर मागच्या खोलीत होता. फक्त लॉग आमच्या वाचनात नव्हता. हे मी बोललो नाही. लहान एस दिल्यासारखा गप्प बसलो.

पी दिला की सर्व्हर आपला चालू क्रमांक एका फायलीत लिहून ठेवतो. बंद करताना तो क्रमांक बघून 'आता आवरा' असा निरोप द्यायचा, मग तो हातातले काम निगुतीने मिटवून उठतो. वीज घालवूनही बंद करता येतो, पण ते म्हणजे कॅश जुळायच्या आत दिवे घालवण्यासारखे.

पहिल्याच दिवशी एक मानापमानाचा प्रसंग घडला. संगणकावर 'रूट' नावाचा एक सर्वाधिकारी असतो, त्याला काहीही करता येते. आमच्या अध्यक्षांना समारंभपूर्वक एंटर दाबायचे होते, म्हणून भाच्याने त्यांना त्या सर्वाधिकाऱ्याच्या खुर्चीत बसवले. सर्व्हरने साफ नकार दिला: रूटच्या नावाने मी चालणार नाही. भाच्याला हे अपेक्षितच होते. त्याला ते अध्यक्षांना दाखवायचे होते, असा माझा संशय आहे. मग त्याने एक साधा वापरकर्ता तयार केला, कुठलेच अधिकार नसलेला, आणि त्याच्या नावाने सर्व्हर निमूट सुरू झाला. "म्हणजे अध्यक्षाच्या सांगण्यावरून चालत नाही, शिपायाच्या सांगण्यावरून चालतं?" अध्यक्ष म्हणाले. भाच्याने समजावले की उद्या कोणी चोर या सर्व्हरमधून आत शिरला तर त्याच्या हाती शिपायाचेच अधिकार लागावेत, मालकाचे लागू नयेत. मला हे लगेच पटले. आमच्या बँकेतही व्हाउचर करणारा आणि पास करणारा एकच माणूस चालत नाही, मग तो मॅनेजर का असेना. अध्यक्षांना पटले नाही. ते चहा न घेता गेले.

मग मेमरी. सर्व्हरला किती मेमरी द्यायची ते किमान आणि कमाल असे दोन आकडे लिहून सांगता येते, आणि दोन्ही आकडे सारखेच असावे लागतात. मग दोन कशाला, असे मी विचारले. त्यावर भाच्याने माझ्याकडे जे पाहिले ते मी सेवाशर्तींबद्दल विचारणाऱ्या नवीन मुलांकडे पाहतो तसे. यंत्रात आहे त्याच्या निम्म्याहून जास्त द्यायची नाही, हा दुसरा नियम. उरलेली निम्मी रिकामी दिसते, पण यंत्र तिच्यात सूचीच्या फायली हाताशी धरून ठेवते आणि शोधाचा वेग त्यावरच असतो. पगाराचा निम्मा भाग ही काढून घेते आणि तो कुठे जातो ते दिसत नाही. पण घर चालते त्याच भागावर. तिसरा नियम माझ्यातल्या बी.कॉम.ला भिडला. मेमरी साधारण बत्तीस जीबीच्या पुढे नेली तर पत्ते लिहिण्याची आखूड पद्धत बंद होते, प्रत्येक पत्ता दुप्पट लांब होतो आणि वाढवूनही हाती कमीच उरते. पगारवाढ मिळून स्लॅब ओलांडणाऱ्यालाच हे दुःख कळेल. आमच्या यंत्रांत मेमरी आठ-आठ जीबी, त्यामुळे श्रीमंतीचा हा धोका आम्हाला नव्हता. अलीकडच्या आवृत्त्या हा हिशेब आपला आपणच करतात, पण भाच्याला तो हाताने करून बघायचा होता.

सुरुवातीला हा सर्व्हर फक्त स्वतःशी बोलतो. दुसऱ्या यंत्रांशी बोलायचे तर त्याला बाहेरचा पत्ता द्यावा लागतो, आणि तो दिला रे दिला की त्याचा नूर पालटतो. घरात बनियनवर वावरणारा माणूस दाराबाहेर पडताना आरशासमोर उभा राहतो ना, तसे. आतापर्यंत ज्या गोष्टींची तो नुसती कुरकुर करत होता त्यांवर आता अडून बसतो. मला एका वेळी किमान ६५,५३५ फायली उघडता आल्या पाहिजेत. मेमरीचे नकाशे किमान २,६२,१४४ हवेत. नसतील तर सुरू होणार नाही. पासष्ट हजार फायली! आमच्या साहेबांच्या टेबलावर सात फायली उघड्या असल्या की ते रजेवर जातात. भाच्याने दोन दिवस एकेक अट पुरी केली. त्या रात्री जेवताना तो त्या अटींबद्दलच बोलत होता. मला तर वाटले, नोकरीच्या मुलाखतीसुद्धा अशा असाव्यात. काय कमी आहे ते आकड्यासकट सांगणाऱ्या.

नऊला फोन आला.

"काही बोलला का रे?"

"बोलतोय," मी म्हणालो. "थांबत नाहीये."

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही.

दुसरे यंत्र जोडताना टोकन लागते. २०२२च्या आठव्या आवृत्तीपासून पहिले यंत्र पहिल्यांदा सुरू होताना एक पासवर्ड आणि एक टोकन देते. नवीन यंत्र सुरू करताना ते टोकन पुढे लिहिले की त्याला बिरादरीत घेतात. टोकनाची मुदत तीस मिनिटे. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे पितळी टोकने होती. लोक ती घेऊन बाजार करून यायचे, जेवून यायचे. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर दुसऱ्या दिवशी आणले. त्यामुळे तीस मिनिटांत काय होते हे मला दिसत होते. भाचा पेनड्राइव्हवर टोकन घेऊन वरच्या मजल्यावर बालविभागात गेला तर कुलूप. किल्ली शिपायाकडे, शिपाई चहाला. तो आला तेव्हा मुदत उलटून गेली होती. नवीन टोकन काढता येते म्हणून बरे.

प्रत्येक यंत्राला सुरू करतानाच नाव देता येते, मोठा ई लिहून. नाव दिले नाही तर पूर्वी हा सर्व्हर मार्व्हलच्या चित्रकथांतल्या सुमारे तीन हजार पात्रांमधून एखादे उचलायचा. २०१६पासून ती मौज बंद झाली. बाईंना हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "नावं मी देते." कार्यालयातले यंत्र मुक्ता, वाचनकक्षातले जनी, बालविभागातले सोयरा. समूहाचेही नाव द्यावे लागते. पूर्वी एका नावाची यंत्रे आपण होऊन एकमेकांना शोधून जोडली जात, म्हणजे आडनाव जुळले म्हणून दुसऱ्याच्या लग्नात पंगतीला बसावे तशी. २०१५ सालच्या दुसऱ्या आवृत्तीने ते थांबवले.

तिघींपैकी एक मुख्य असते आणि ती बहुमताने निवडतात. तीन का, याचे उत्तर इथे मिळाले. दोघांत बहुमत म्हणजे दोघांचेही मत, आणि एक रुसला की काम ठप्प. एकदा मुक्ता बंद असताना जनी आणि सोयराने आपसांत निवडणूक उरकून काम पुढे चालू केले. काही सेकंदांत! आमच्या समितीची निवडणूक दोन वर्षे रखडली आहे. सूचीच्या प्रत्येक तुकड्याची नक्कल असते आणि ती मूळ तुकड्याच्या यंत्रावर कधीच ठेवत नाहीत. तिजोरीची दुसरी किल्ली आम्हीही त्याच शाखेत ठेवत नाही.

मराठीची अडचण वेगळीच. शब्दांचे प्रत्यय काढून मूळ शब्द ओळखण्याची व्यवस्था त्यात हिंदीसाठी तयार आहे, बंगालीसाठी आहे, मराठीसाठी नाही. 'घर' शोधले तर 'घराला' सापडेना. भाचा हताश झाला. बाई म्हणाल्या, "स, ला, ते, स, ला, ना, ते. लिही." चार संध्याकाळ त्या विभक्ती सांगत होत्या आणि हा नियम लिहीत होता. 'घोडा'चे 'घोड्याला' होताना मध्ये जो 'य' शिरतो त्याने दोघांनाही छळले. पाचव्या संध्याकाळी कोणाला तरी बागेवरचे एक पुस्तक हवे होते, बाईंनी 'बाग' लिहिले आणि 'बागेतल्या' असा शब्द असलेले पुस्तक वर आले. ते तीस वर्षांपूर्वी त्यांनीच नोंदवले होते. कार्ड त्यांनी खणातूनही काढून बघितले.

शेवटी भाच्याने सांगितले की आता रोज काही करायला नको, संगणक लावला की हे आपोआप सुरू होईल असे करून देतो. बाई नको म्हणाल्या.

"कुलूप मी उघडते, घड्याळाला किल्ली मी देते. हेही मीच सुरू करीन. काय लिहायचं ते सांग."

भाच्याने मला बाजूला घेऊन विचारले, हे शहाणपणाचे आहे का? मी म्हणालो, नाही, पण करू दे. तांत्रिक बाबतीत माझे मत त्याने घेतले ते एवढ्या एकदाच.

त्यांनी एका कोऱ्या सूचीपत्रावर ते सुंदर अक्षरात लिहून घेतले. प्रथम मुक्ता, मग जनी, मग सोयरा. नाव, उणे डी, उणे पी. 'ई मोठा काढणे, लहान चालत नाही.' 'खूण परत दिसेपर्यंत बसून राहणे, दुसरे काही दाबू नये.' 'लॉगमध्ये स्टार्टेड आले की वाचकांना आत घेणे.' ते कार्ड खणात 'इ'मध्ये, 'इरावती'च्या अलीकडे की पलीकडे यावर थोडी चर्चा होऊन, लावले गेले.

फेब्रुवारीत भाच्याला पुण्यात दुसरी नोकरी लागली. मुलाखतीत त्याला विचारले म्हणे, तीन यंत्रांचा समूह कधी उभा केला आहे का? तो पाऊण तास बोलत होता. जाताना आमच्या हिने डबा दिला, मी स्टेशनवर सोडले, आणि रात्री नऊला फोन वाजला तेव्हा काय सांगायचे ते मला पटकन सुचेना. बाई मार्चअखेर निवृत्त झाल्या. पण रोज साडेआठला येतात, कारण नव्या ग्रंथपालांना मोठा ई आणि लहान ई यांतला फरक अजून नीट कळलेला नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. नवीन ग्रंथपाल एम.लिब. आहेत. त्याही काही बोलत नाहीत.

माझ्यापुढे एकच प्रश्न उरला आहे. हिशेब तपासनीस जूनमध्ये येऊन गेले. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये मी 'शोध-सर्व्हर, नग १, किंमत ०' अशी नोंद केली होती. त्यांनी विचारले, फुकट कसा? मी पाककृतींची सगळी गोष्ट सांगितली. मग त्यांनी विचारले, नग एक म्हणता आणि यंत्रे तीन, हे कसे? मी विकेंद्रीकरण समजावले. त्यांनी वस्तू प्रत्यक्ष दाखवा म्हटले, तेव्हा बाईंनी खण उघडून कार्ड दाखवले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि शेरा मारला: 'वस्तू आढळली नाही. फक्त कार्ड आढळले. खुलासा करावा.'

खुलासा दोनदा पाठवला आहे.